पत्र्याच्या जाडीवरचा विश्वास

घरच्यांसाठी मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायला निघालेली माणसे शोरूममध्ये शिरली की आधी दार उघडतात, जोराने लावतात आणि आवाज ऐकतात. आवाज जड आला तर मान डोलावतात. मग कोणीतरी मडगार्डवर अंगठा दाबून पत्रा दबतो का ते बघते, कोणी खाली वाकून चासी शोधते, आणि घरातले वडीलधारे विचारतात, ‘गाडी मजबूत आहे ना?’ या तपासणीला अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. तिच्यामागे पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे आणि त्यातला मोठा भाग याच महाराष्ट्रात, मुंबई, नाशिक आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निघालेल्या गाड्यांनी दिलेला आहे. माझे म्हणणे असे की हा अनुभव गाडी टिकण्याचा होता, गाडीतला माणूस टिकण्याचा नव्हता. दोन्ही एकच असे आपण फार काळ धरून चाललो. ते तसे नाही हे सर्वांसमोर मोजून दाखवायला २०१४ साल उजाडावे लागले. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी जवळजवळ ६५ टक्के युटिलिटी वर्गातल्या होत्या. म्हणजे जुन्या अनुभवाच्या आधारावर नवी खरेदी करणारी कुटुंबे आता बहुसंख्य आहेत, आणि म्हणून हा अनुभव कुठून आला ते नीट पाहायला हवे.

सुरुवात युद्धाच्या गाडीपासून होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापारातली कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. ही गाडी अमेरिकी लष्करासाठी आखलेली होती. रस्ता नसला तरी जावी, अडकली तर चार माणसांनी ढकलून काढावी, बिघडली तर पाना-पकडीने जागेवर दुरुस्त व्हावी, एवढ्याच अपेक्षा तिच्याकडून होत्या. तिला दारे नव्हती, छत ताडपत्रीचे होते, आणि आत बसणारा सैनिक होता, ज्याचा जीव तसाही पणाला लागलेला होता. धडक बसली तर आतल्या माणसाचे काय, हा प्रश्न तिच्या आराखड्यात कुणी घातलाच नव्हता. ती भारतात नागरी कामाला लागली तरी तो प्रश्न कुणी विचारला नाही, कारण विचारण्याची वेळही फारशी येत नव्हती. जंगल खाते, पाटबंधारे, बांधकाम खाते, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर अध्यक्ष आणि गटविकास अधिकारी यांच्या दिमतीला असलेल्या जीप मुरमाच्या आणि खडीच्या रस्त्यांवरून तीस-चाळीसच्या वेगाने जात. साहेबांना घेऊन सकाळी निघालेली जीप संध्याकाळी तालुक्याला परत आली की ती भरवशाची. गावाने मोटारगाडीचा भरवसा पहिल्यांदा पाहिला तो या रूपात.

भरवशाची ही कल्पना गाडीच्या खालच्या अंगात वसलेली होती. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, बोल्टांनी बसवलेली बॉडी, अशी रचना. बैलगाडीचा साटा जसा जू आणि चाकांपासून वेगळा काढता येतो, तशी ही बॉडी उचलून बाजूला ठेवता येई. चाकांवर कमानपाटे असत: पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून मधोमध बोल्टने आवळलेल्या आणि बाहेरून चिमट्यांनी बांधलेल्या. भर वाढला की खालचे पाटे कामाला लागत. एखादा पाटा तुटला तर तालुक्याच्या रस्त्यावरचा मिस्त्री जॅक लावून, बोल्ट सोडवून, तेवढाच पाटा बदलून देई, आणि तुटलेल्या पाट्याचे पुढे कोयते-विळे होत. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा १९७५ च्या सुमारास जीपमध्ये ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन आले. पुढे प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले डिझेल इंजिन आले. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला जीप दुरुस्त करता येऊ लागली, आणि हा फायदा किती मोठा होता हे शेतकरी कुटुंबालाच कळेल. डिझेलचे दर सरकार बांधून देत असे, ते ऑक्टोबर २०१४ पर्यंत. तोपर्यंतच्या चार दशकांत स्वस्त डिझेल, सांगाड्यावरची बॉडी आणि कुठेही मिळणारा मिस्त्री या तीन गोष्टींनी मिळून ‘चांगली गाडी’ ठरवली. तिच्यात भर वाहण्याची ताकद होती, खड्डे पचवण्याची ताकद होती, दुरुस्तीची सोय होती. यांतली प्रत्येक गोष्ट खरी आणि मोलाची होती.

याच सांगाड्यावर कुटुंब कसे चढले, हा या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा आहे. एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढच्या दशकांत गावोगाव पोचली, पण दिवसातून दोन फेऱ्यांनी बाजाराचा दिवस भागत नसे. ती पोकळी कमांडर जीप आणि बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सने भरून काढली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे अशा गाडीला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी. मागे दोन बाजूंना समोरासमोर बाक, गुडघ्याला गुडघे, पायदानावर लटकलेली दोन-तीन पोरे आणि टपावर भाजीच्या पाट्या. दहा जणांच्या गाडीत अठरा जण बसत, आणि जास्तीत जास्त माणसे घेऊन घाट चढते ती चांगली गाडी, हे माप पक्के झाले. पुण्याच्या टेल्कोने १९८८ च्या टाटामोबाइल या पिकअपच्या पायावर आधी सिएरा, मग इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो आणली. टेल्कोची उभारणी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून तिचे नाव पडले. सुमो मुळात भारवाहू गाडीचीच बहीण होती, पण तिला चांगली दारे होती, पक्के छत होते आणि दहा माणसे बसत. लग्नाचे वऱ्हाड, जेजुरीचा कुळधर्म, पंढरपूर-तुळजापूरची वारी, दवाखान्याची धावपळ यांसाठी एका गाडीत सगळे घर बसू लागले. भाड्याच्या सुमोत बसून ज्यांनी पहिल्यांदा लांबचा प्रवास केला, त्यांनीच पुढे स्वतःची गाडी घेतली. घेताना मोजले ते आसन, उंची आणि पत्रा. मागच्या आडव्या बाकावर बसलेल्या मुलाला पट्टा नाही आणि पुढे धरायला काही नाही, हे कुणाला खटकले नाही. वडापमध्ये कधी काही धरायला होते?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला या गाड्या दिसायला देखण्या झाल्या. १९९८ ला सफारी आली, २००० मध्ये क्वालिस आणि बोलेरो, आणि जून २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले बागायतदार, कंत्राटदार, पुढारी यांनी ती उचलली, आणि पांढरी स्कॉर्पिओ ही सत्तेची खूण झाली. याच काळात बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवण्याची पद्धत सर्वत्र पसरली. दोन इंच जाडीचे नळे, क्रोमचा मुलामा, आणि मागच्या बाजूला पट्ट्यांनी थेट चासीला बोल्ट. जुन्या समजाचे चित्र यापेक्षा नेमके सापडणार नाही. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग हळूहळू चुरगळावा, त्यात वेग जिरावा, असे आराखडा करणाऱ्याने ठरवलेले असते. गार्ड मात्र तो धक्का तसाच मागे चासीवर, म्हणजे आतल्या माणसांवर नेतो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरांचे गणित बिघडवतो. आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला लोखंडाचा मार बसतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या आधारे हे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. तरी आजही नव्या गाडीला गार्ड बसवून घेणारी माणसे आहेत, आणि ती घरच्यांच्या काळजीपोटीच बसवून घेतात. वाईट वाटते ते याचे.

स्कॉर्पिओ आली त्याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. खड्डे, बैलगाड्या आणि घाट यांनी गाडीच्या वेगाला आजवर आपोआप लगाम घातलेला होता. तो लगाम इथे सुटला. पुढे समृद्धी महामार्गाने नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर ताशी १२० च्या मर्यादेने खुले केले. रस्ता बदलला, वेग तिप्पट झाला, आणि वेग तिप्पट झाला म्हणजे धडकेची ऊर्जा नऊपट होते. गाडी पारखण्याचे माप मात्र मुरमाच्या रस्त्यावरचेच राहिले.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या ब्रिटनमधल्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. पाचही गाड्यांचे विनाएअरबॅगचे प्रकार तपासले होते आणि पाचांनाही प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात शून्य तारे मिळाले. चाचणी काय असते ते जवळून पाहिले तर निकालाचे वजन कळते. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर नेऊन आदळतात. अडथळ्याच्या तोंडाला मधमाशीच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी असते, म्हणजे समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीसारखा तो चेपतो. धडक पूर्ण रुंदीवर देत नाहीत, चालकाच्या बाजूच्या ४० टक्के भागावरच देतात, कारण ओव्हरटेक करताना होणाऱ्या धडका अशाच असतात. पुढे दोन मोठे डमी, मागे बालकांच्या आसनात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे दोन डमी. डोक्याला आणि गुडघ्यांना ओला रंग लावलेला असतो, म्हणजे कोणता अवयव कुठे आदळला ते डागावरून दिसते. छाती किती मिलिमीटर दबली, मानेवर किती ताण आला, पुढच्या काचेच्या बाजूचा खांब मागे सरकला का, पायाशी पत्रा फाटला का, हे सगळे मोजतात. पत्रा दाबून पाहणाऱ्या अंगठ्याला यातले काहीही कळू शकत नाही. निकालानंतर फोक्सवॅगनने पोलोचा विनाएअरबॅगचा प्रकार बाजारातून काढून घेतला, आणि एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. तंत्रज्ञ होते, प्रयोगशाळा होत्या. पण गाडीला मान्यता मिळाली की नाही एवढेच बाहेर येई. अमुक गाडीत माणूस कितपत वाचतो हे खरेदीदाराला सांगणारे काही नव्हते. अमेरिकेत सरकारने अशा धडक चाचण्यांचे निकाल १९७९ पासून लोकांसमोर ठेवले, युरोपात हे १९९७ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे समोरच्या अर्धवट धडकेची आणि बाजूच्या धडकेची सक्ती नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून झाली, तीही समोरच्या धडकेत ताशी ५६ च्या वेगाला. म्हणजे सुमोच्या सबंध उमेदीच्या काळात आणि स्कॉर्पिओच्या पहिल्या बारा वर्षांत ग्राहकाकडे अंगठा आणि दाराचा आवाज यांखेरीज दुसरे साधनच नव्हते. त्याला दोष देता येत नाही.

एसयूव्हींचा खरा धडा पुढच्या दहा वर्षांत मिळाला. मे २०१६ च्या निकालांत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. जड, उंच, चासीवर बांधलेली, दिसायला दांडगी गाडी आणि त्याच यादीतली छोटी क्विड यांच्या पदरात सारखेच माप पडले. मग डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिली वेळ. नेक्सॉनला वेगळी चासी नाही, तिची लांबी चार मीटरच्या आत. जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या एक्सयूव्ही ३०० ला पाच मिळाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये चाकणच्या एक्सयूव्ही ७०० ला, ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिक कडक झालेल्या नियमांखाली चाकणच्याच कुशाक आणि टायगुनला. यावरून कोणी म्हणेल की चासीचा जमाना संपला, वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी, म्हणजे मोनोकॉक, हीच सुरक्षित. तेही खरे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन ला पाच तारे मिळाले, आणि ती चासीवरची गाडी आहे. एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच तारा मिळाला. तीही चासीवरची, दोन एअरबॅग असलेली, आणि तिची बॉडी धडकेत स्थिर राहिली नाही असे निकालात म्हटले होते. एकच कंपनी, एकाच जातीची रचना, आणि निकाल पाच विरुद्ध एक. फरक पडला तो आराखडा करताना कोणता प्रश्न समोर ठेवला यामुळे: गाडी चालत राहील का, की आतली माणसे वाचतील का. पोलादाची प्रत, जोड कुठे द्यायचे, पुढचा भाग कोणत्या क्रमाने चुरगळायचा आणि प्रवाशांची पेटी कशी अभंग ठेवायची, ही उत्तरे दुसऱ्या प्रश्नातून निघतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे: वजन कामाला येतेच. दोन टनांची आणि एक टनाची गाडी सारख्या वेगाने समोरासमोर आदळल्या तर हलक्या गाडीच्या वेगात होणारा बदल जड गाडीच्या दुप्पट असतो. हे भौतिकशास्त्र आहे आणि तारे त्याला खोडून काढत नाहीत. समोरच्या धडकेतले तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तोलून पाहायचे असतात. पण आपल्या महामार्गांवर कुटुंबाची गाडी कशाकशावर धडकते ते पाहा. पुलाचा कठडा, झाड, दुभाजक, रात्री दिवे न लावता उभा असलेला मालट्रक. कठड्यापुढे दोन टनांना काही सवलत नाही, आणि पंचवीस टनांच्या ट्रकपुढे एक टन काय नि दोन टन काय. उलट उंच गाडीचा गुरुत्वमध्य उंच असतो, झटक्यात वळवली तर ती उलटण्याचा धोका जास्त, आणि म्हणून तिला ईएससी ही घसरण सावरणारी यंत्रणा छोट्या गाडीपेक्षा अधिक गरजेची आहे. शिवाय वजनाचा फायदा दुसऱ्याच्या जिवावर मिळतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत सुमारे ७५ हजार दुचाकीवरची आणि सुमारे ३३ हजार पायी चालणारी होती. आपल्या घरचीच माणसे रोज दुचाकीवरूनही जातात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाडी कितीही चांगली असो, माणूसच बेफिकीर असेल तर काय उपयोग? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि मागच्या आसनावरचे त्यांचे सहप्रवासी अपघातात गेले. गाडी जगातल्या उत्तम बांधणीच्या गाड्यांपैकी होती. मागच्या आसनांवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. मागच्या प्रवाशांनी पट्टा लावावा हा नियम तेव्हाही पुस्तकात होता, अमलात नव्हता. २०२२ च्याच सरकारी आकड्यांत पट्टा न लावलेले १६ हजारांहून अधिक लोक गेल्याची नोंद आहे, आणि त्यांत चालक आणि प्रवासी जवळजवळ निम्मे निम्मे आहेत. तेव्हा हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. ‘एवढी दणकट गाडी आहे, पट्टा कशाला’ हे वाक्य पत्र्यावरच्या विश्वासातूनच येते. एअरबॅगचा हिशोब पट्टा लावलेल्या माणसासाठी मांडलेला असतो, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेच नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. सुरक्षितता परवडायला हवी. इथे आपल्या करव्यवस्थेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले आणि कंपन्यांनी एसयूव्ही कापून चार मीटरमध्ये बसवल्या. २०१३ मध्ये १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, चार मीटरपेक्षा अधिक लांबी आणि १५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन असलेल्या एसयूव्हींवर शुल्क ३० टक्के झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही रेषा लांबी आणि इंजिनाचीच राहिली: लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. गेल्या वीस वर्षांत सरकारने गाडीची लांबी मोजली, उंची मोजली, सीसी मोजले. माणूस वाचवण्याची क्षमता करासाठी कधी मोजली नाही. ईएससी आणि सहा एअरबॅग असलेल्या गाडीवर आणि त्या नसलेल्या गाडीवर टक्केवारी तीच, किंबहुना किंमत जास्त म्हणून पहिलीवर कर जास्त. पुढच्या दोन एअरबॅगांची सक्ती सर्व गाड्यांना व्हायला २०२१ साल संपावे लागले. सहा एअरबॅगांचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये सक्ती होणार नाही असे जाहीर झाले. सुरक्षितता महाग आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोबही विचारात घ्यावा.

भरवशाच्या बाबतीत जुन्या माणसांची तक्रार मला पटते. कमानपाटा बदलणारा मिस्त्री आजच्या गाडीचे बॉनेट उघडून हात टेकतो. लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष सापडत नाही, आणि तो लॅपटॉप शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून डिझेल गाडीच्या धुराड्यातल्या गाळणीपासून सेन्सरांपर्यंत बिघडण्याच्या जागाही वाढल्या. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कुटुंबाने गाडी निवडताना ताऱ्यांइतकेच जवळचे सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हे पाहावे, असे मी म्हणेन. पण भरवशाचाही आता सार्वजनिक पुरावा तयार होतो आहे, तो पूर्वी नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आली आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. कोणत्या मॉडेलला कशासाठी परत बोलावले हे जाहीर होते. एखाद्या गाडीला परत बोलावले म्हणून ती टाकाऊ समजण्याची घाई मात्र करू नये. दोष झाकून ठेवणाऱ्यापेक्षा जाहीर करून फुकट दुरुस्त करणारा बरा. ग्राहकाने ते बोलावणे आले की गाडी नेली पाहिजे, एवढेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी योजना जाहीर झाली, ऑक्टोबरपासून लागू झाली, आणि तिचे काम पुण्याच्या सीआयआरटी या संस्थेकडे आले. डिसेंबरमध्ये आलेले पहिले पंचतारांकित निकाल पिंपरीच्या हॅरियर आणि सफारीचे होते. तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी, पुढच्या आसनांना पट्ट्याची आठवण करून देणारी घंटी आणि पादचाऱ्यांच्या रक्षणाचे निकष यांची अट आहे, ही उत्तम गोष्ट. पण चाचणी ऐच्छिक आहे, आणि तारा कोणत्या प्रकाराला मिळाला आहे ते निकालपत्रात वाचावे लागते. आपण घेतो आहोत त्या प्रकारात तेवढ्याच एअरबॅगा आहेत का, हे जुळवून पाहिल्याशिवाय पाच ताऱ्यांची जाहिरात निरुपयोगी आहे. माझी खरी काळजी मात्र तिसऱ्या रांगेची आहे. सुमो आणि वडापपासून आलेली आसने मोजण्याची सवय सात आसनी एसयूव्हीच्या रूपाने टिकून आहे, आणि आजी, आत्या किंवा शेंडेफळ यांना मागे बसवले जाते. भारत एनकॅपच्या चाचणीत मोठे डमी पुढे असतात, बालकांचे डमी दुसऱ्या रांगेत. तिसरी रांग रिकामीच जाते, आणि मागून धडक देण्याची चाचणी या योजनेत नाही. मागच्या दरवाजापासून काही इंचांवर डोके असलेल्या माणसाला काय होते, हे पाच तारे सांगत नाहीत. तिथे निदान तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, डोक्यामागे आधार आहे का, आणि आसन पुढच्या दिशेने तोंड करून आहे का, एवढे तरी मागच्या रांगेत स्वतः बसून तपासावे. आडव्या बाकाची गाडी मुलांसाठी घेऊच नये.